आपल्या गुरांचे डॉक्टर: आता हयात नसलेल्या पशुवैद्यांच्या आठवणी

आमच्या तालुक्यातले एक जुने पशुवैद्य नुकतेच गेले. शोकसभेत जो उठेल तो ‘देवमाणूस’, ‘रात्री-अपरात्री धावून यायचे’ एवढंच बोलून बसत होता. बोलणारे बहुतेक पुढारी. ज्यांच्या गोठ्यात डॉक्टरांनी गुडघे टेकले होते ती मंडळी मागे सतरंजीवर गप्प बसलेली. म्हणून हा धागा. विनंती एकच: गौरव कमी, काम जास्त. जनावराला काय झालं होतं, डॉक्टरांनी हातानं काय केलं, जनावर उठलं की नाही, ते लिहा. पूर्ण नावं नकोत, त्यांच्या घरच्यांना आपण विचारलेलं नाही.

सुरुवात मीच करतो. आमची मुऱ्हा म्हैस दिवस भरून अडली. कळा देऊन थकली, पण पाणमोट काही दिसेना. डॉक्टरांनी सदरा काढला, खांद्यापर्यंत साबण लावला, हात आत घातला आणि म्हणाले, “पिशवीला पीळ पडलाय. फळी आणा.” आम्हाला वाटलं, म्हशीला उठवायला आधार हवा असेल. त्यांनी पीळ ज्या बाजूला होता त्या कुशीवर म्हैस पाडली, बांधकामाची लांब फळी तिच्या पोटावर तिरकी टेकवली आणि त्या फळीवर आमच्या चुलत्यांना उभं केलं. मग पायांचे दोर धरून आम्ही सगळ्यांनी तिला सावकाश त्याच बाजूला लोळवली. पोट फळीखाली दाबून धरायचं आणि म्हैस त्याभोवती फिरवायची, असा तो प्रकार. दर वेळी हात घालून बघायचे, “अजून आहे” म्हणायचे, पुन्हा पहिल्यापासून. सुटला तेव्हा त्यांच्या कोपरावरून पाण्याचा लोंढाच आला. रेडकू मेलेलं निघालं. म्हैस वाचली, पुढं कितीतरी वेतं दिली. चुलते आजही सांगतात, बाळंतपण मी केलं, डॉक्टर नुसते बघायला होते.

सांगोल्याकडून, दुधाचा धंदा

आमचे डॉक्टर देवमाणूस वगैरे अजिबात नव्हते. भयंकर रागीट. चिखलात बांधलेलं जनावर दिसलं की भर गोठ्यात सासऱ्यांना झापायचे, “आप्पा, एक रात्र तुम्ही झोपा इथं, मग मला बोलवा.” आप्पांनी त्यांचं नाव टाकलं होतं. पण जर्सी व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मान मुरडून कुशीला लावलेली, कान गार. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मी आप्पांना न विचारता पोराला दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायला लावली. मग मानेच्या शिरेत सुई, एका हातात उंच धरलेली बाटली आणि दुसऱ्या हातानं छातीवर नळी. सारखे ठोके ऐकत होते. मी म्हटलं, भरभर सोडा की. तर म्हणाले, “भरभर सोडलं तर सुईवरच जाईल ती.” बाटली संपत आली तशी गाय थरथरली, मोठ्ठा ढेकर दिला, शेण टाकलं आणि उठून उभी राहिली. जाता जाता आप्पांना नाही, मला सांगून गेले, “पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण मोकळी करायची नाही. थोडं दूध राहू द्यायचं.” ज्यादा दुधाची प्रत्येक गाय व्याली की मी आजही तसंच करते. आप्पा पुढंही त्यांच्याशी बोलले नाहीत, पण गोठ्यात फरशी घातली.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मराठवाडा

माझ्या साहेबांबद्दल लिहितो. आता नवीन पोरांना बुळकांड्या, म्हणजे गुरांचा रिंडरपेस्ट, माहीतही नाही. आम्ही तो शेवटी शेवटी पाहिला. तोंडात फोड, डोळ्यांतून धार, पिचकारीसारखी हगवण, आणि दावणच्या दावण मोकळी. साहेब बर्फात ठेवलेली लस घेऊन एसटीनं जायचे, उतरल्यावर सायकलनं पुढं. लस पाण्यात कालवली की लगेच टोचून संपवावी लागे, उन्हात तिचा जीव जातो. म्हणून गावात पोचल्यावर चहा नाही, रामराम नाही, आधी खोडा. सगळी जनावरं टोचून झाली की मग बसायचे.

आणि खरं अवघड काम नंतरचं. रोग गेला हे सिद्ध करायला लसच बंद करावी लागते आणि नुसती पाळत ठेवावी लागते. लोक म्हणायचे, सरकारनं लससुद्धा बंद केली. साहेब वैतागून समजावत बसायचे. 2006 साली भारत बुळकांड्यामुक्त ठरला, 2011 साली सगळं जग. माणसांची देवी गेल्यावर मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. ज्यांनी पेशींवर वाढवलेली ती लस केनियात तयार केली ते वॉल्टर प्लोराइट 2010 मध्ये वारले, वर्षभरानं चुकामूक झाली. आमचे साहेब मात्र बातमी ऐकून गेले. पेपरात आतल्या पानावर एवढीशी छापली होती म्हणून चिडले होते.

त्यांची तब्येत कशानं ढासळली तेही लिहायला हवं. अडकलेला जार ते उघड्या हातानं काढायचे, लांब हातमोजे मागणीपत्रात असत, दवाखान्यात कधी नसत. पुढं त्यांना रोज संध्याकाळी ताप, रात्री घामानं अंथरूण ओलं, सांधे धरलेले. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. शेवटी त्यांनीच माणसांच्या डॉक्टरांना सांगितलं, ब्रुसेला तपासा. निघाला. गाभ टाकणाऱ्या गाईंकडून आला होता.

परळचा माजी विद्यार्थी

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील 1891 मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. सर्रा या घोड्या-खेचरांच्या रोगावर त्यांनी काम केलं होतं. हे आम्हाला शस्त्रक्रियेच्या सरांनी सांगितलं, अभ्यासक्रमात नव्हतं.

सर स्वतः शिंगाच्या कॅन्सरमध्ये तयार. एका बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतंय, बैल सारखी मान झटकतोय, एवढं ऐकलं की न बघता शिंग कोणतं ते सांगायचे. डोळ्यामागं भूल टोचायची, तारेच्या करवतीनं मुळापासून शिंग काढायचं. शेतकरी विचारायचा तो प्रश्न ठरलेला: जुवाला चालेल का? सर म्हणायचे, “चालेल. पोळ्याला बेगड निम्मी लागेल.” बैलवाला हसला की मगच सही घ्यायचे.

नवापूर, पूर्वी पोल्ट्री

फेब्रुवारी 2006. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडं. इतकी वर्षं आमच्या पक्ष्यांना मानमोडीची लस द्यायला येणारे डॉक्टरच पांढरा पोशाख, चष्मा, मास्क घालून ते मारायला आले. मी दार उघडलं नाही. बाहेर उभे राहून म्हणाले, “मी नाही केलं तर दुसरा करेल, पण तो मोजणार नाही.” त्यांनी शेडमधला पक्षी न् पक्षी मोजून वहीत मांडला, कारण भरपाई त्यावरच होती. मग माझ्याकडं न बघता आत गेले. मी तो धंदा सोडला. त्यांच्या दहाव्याला गेलो होतो.

एका पशुवैद्याची मुलगी, पुणे

बाबा 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेले. लॉकडाऊनमध्येही गोठे बंद नव्हते. फार वर्षांपूर्वी, एक गाय लाळ गाळतेय, घशात काहीतरी अडकलंय म्हणून त्यांनी एकदा तोंडात हात घातला होता. अडकलेलं काहीच नव्हतं, गाय पिसाळलेली होती. पोटात घेतलेल्या इंजेक्शनांपेक्षा आईच्या बोलण्याचा त्रास जास्त झाला, असं ते सांगत. बाबा गेल्यावरही कितीतरी दिवस त्यांच्या फोनवर व्हिडिओ येत होते: डॉक्टर, बघा ना, रवंथ करत नाहीये. मी जमेल तसे दुसऱ्या डॉक्टरांना पुढं पाठवत राहिले.

शिरवळ, पशुवैद्यकीय अंतिम वर्ष

मराठवाड्याच्या काकांना विचारायचं होतं. तुमच्या साहेबांच्या केसच्या वह्या कुणाकडं आहेत का? कोणत्या गावात कुठल्या साली काय आलं, हे आम्हाला आता कुठंच मिळत नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मराठवाडा

आहेत, दोन ट्रंका भरून. अक्षर वाईट आहे, मी वाचून दाखवतो. वाळवी लागायच्या आत या, आणि येताना स्कॅनर आणा. मोबाइलवर काढलेले फोटो मला दिसत नाहीत.