बोर्डगेमच्या डावाला घड्याळ लावावं का?

मिरजकर तिकटी:
आम्ही चौघं रविवारी राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवर खेळतो. परवा कॅटन चारला मांडला. त्यात रस्ते-वस्त्या बांधत आधी दहा गुण करणारा जिंकतो. सात वाजले तरी कुणाचे दहा गुण होईनात. एकजण रस्ता इकडं टाकू की तिकडं, यावर दर पाळीला चार-चार मिनिटं घालवतो. बाकीचे मोबाईलमध्ये. शेवटी कागलच्या मैत्रिणीला उठून जावं लागलं आणि पुढं तीच होती. मला फार लागलं ते.

हिशेब बघा. चौघं, प्रत्येकाच्या वीस पाळ्या. पाळीला मिनिट लागलं तर ८० मिनिटं, तीन लागली तर २४०.

माझं म्हणणं, घड्याळ लावायचं, पण दर पाळीला मिनिटभर असं नको. अख्ख्या डावाची वेळ प्रत्येकाच्या खात्यावर टाकायची आणि पाळीमागं थोडी भर द्यायची. बुद्धिबळातल्या बॉबी फिशरनं असंच घड्याळ काढलं आणि १९९२ ला स्पास्कीविरुद्ध ते वापरलं. सोप्या पाळ्या पटापट खेळून वाचलेली वेळ अवघड पाळीला वापरता येते.

मंगळवार पेठ:
नको भावा. घरी बोलवायचं आणि समोर घड्याळ मांडायचं, हे बरं दिसत नाही. मी खासबागेच्या मैदानात निकाली कुस्त्या बघत वाढलो. चितपट होईस्तोवर माणसं हलत नव्हती. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, कुस्ती गुणांवर गेली. डोकं लढवायला वेळच दिला नाही तर डाव कसला?

मिरजकर तिकटी:
काका, निकाली कुस्तीत दोघंही झटत असतात. इथं एकटा विचार करतो आणि तिघं हात बांधून बसतात. आपल्या कबड्डीत चढाईला तीस सेकंद आहेत, तरी डोकं लागतंच की.

ताराबाई पार्क:
घड्याळाच्या बाजूनं, पण खेळ बघून. शब्द जुळवायच्या स्क्रॅबलच्या स्पर्धेत प्रत्येकाला २५ मिनिटं असतात, वर गेलं की मिनिटाला दहा गुण कापतात. तिथं ते बसतं, कारण वेळ फक्त तुझी तूच वापरतोस. कॅटनमध्ये मी मेंढीचा पत्ता देऊन विटेचा मागितला आणि समोरचा घासाघीस करत बसला, तर मिनिटं माझीच जाणार! समोरच्याला मुद्दाम वेळ खाता येईल. फाशांवर सात पडल्यावर ज्याच्याकडं सातपेक्षा जास्त पत्ते आहेत तो निम्मे निवडून टाकतो, तेव्हाही तेच.

कागल:
उठून गेलेली मीच. तरी मला घड्याळ नको. पहिल्या दिवशी पत्त्यावर काय लिहिलंय तेच मला कळत नव्हतं. तेव्हा शेजारी सेकंद पळत असते तर मी दुसऱ्या रविवारी आलेच नसते. आणि तो मित्र हळू आहे म्हणून मी उठले नाही. डाव कधी संपणार हे कुणी आधी बोललं नव्हतं, म्हणून उठावं लागलं. साडेसहाला ज्याचे गुण जास्त तो जिंकला, एवढं ठरलं असतं तरी पुरलं असतं.

मिरजकर तिकटी:
ताई, नवीन माणसाचं पटलं. त्याचे पहिले दोन डाव बिनघड्याळाचे. पण नुसती साडेसहाची वेळ ठरवली तर पुढं असणारा मुद्दाम रेंगाळेल. त्याला काय करायचं?

मंगळवार पेठ:
रेंगाळणाऱ्याला सांगायचं, बाबा आवर. चार माणसांत तेवढं बोलता येत नसेल तर घड्याळ काय बोलणार?

ताराबाई पार्क:
काका, तोंडानं सांगितलं की भांडण होतं. आमच्यात झालं, दोघं अजून बोलत नाहीत. घड्याळाचा कुणाला राग येत नाही. फक्त अदलाबदल सुरू झाली किंवा सात पडले की ते थांबवायचं.

कागल:
मग थांबवायचं बटण माझ्या हातात द्या. येत्या रविवारी करून बघू. मी पावणेसातला निघणार आहे.