लिथियम सुरू झाल्यापासून रात्रभर तहान आणि लघवी, झोपच होत नाही

केळीवाला, रावेर तालुका

नमस्कार मंडळी. मला बायपोलर आहे (मनाचा आजार, कधी अति जोश तर कधी खोल उदासी), मागच्या दिवाळीनंतर निदान झालं. जळगावच्या डॉक्टरांनी लिथियम दिलं, सकाळी एक आणि रात्री एक. डोकं ताळ्यावर आलंय. पैशांची उधळण थांबली, घरात आवाज चढत नाहीत. गोळीबद्दल तक्रार नाही.

पण झोपेचं पार खोबरं झालंय. डोळा लागतो न लागतो तोच घशाला कोरड पडते, उशाचा तांब्या रिकामा होतो, मग लघवीला पळा. उकाड्यामुळे आम्ही धाब्यावर झोपतो. दरवेळी अंधारात जिना उतरायचा, परत चढायचा, तोवर झोप उडालेली. त्यात शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीच असते. मे महिन्यात केळीच्या पाण्याला खाडा चालत नाही, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला मळ्यात जावंच लागतं.

आई म्हणते, दिवस मावळला की पाणी बंद कर. मेहुणा म्हणतो, बरा झालास ना, रात्रीची गोळी सोड. अजून दोघांचंही ऐकलेलं नाही. मेडिकलमधून झोपेची गोळी आणली तर चालेल का?

चाळीसगावची ताई

भाऊ, पाणी अजिबात तोडू नका. मी बरीच वर्षं लिथियमवर आहे, म्हणून कळकळीने सांगते.

आपल्याला वाटतं, पाणी जास्त पितो म्हणून लघवी होते. इथे उलटं आहे. लिथियममुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे निघून जातं, आणि म्हणून तहान लागते. पाणी बंद केलं तरी लघवी थांबणार नाही, अंगातलं पाणी तेवढं आटेल आणि रक्तातलं लिथियम वर चढेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तुम्ही उन्हातान्हात घाम गाळता, तुम्हाला तर जास्तच जपायला हवं. मिठाचंही तसंच. रोज जेवढं खाता तेवढं खात राहा. कुणाच्या सांगण्यावरून एकदम अळणी सुरू करू नका, शरीरातलं मीठ घटलं तरी लिथियम चढतं. कडक उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझ्या डॉक्टरांनी दोन वेळची गोळी एकत्र करून रात्री जेवणानंतर एकदाच दिली. त्यानंतर रात्रीचं उठणं बरंच कमी झालं. पण हे तपासण्या बघून त्यांनी ठरवलं, मी नाही. तुम्ही हेच विचारा: "दोन्ही गोळ्या एका वेळी घेता येतील का?"

आता लाईटचं. जागरणाने आपला आजार उसळतो, नुसत्या एका रात्रीच्या जागरणानेही उसळू शकतो. रात्रपाळी सालदाराकडे द्या, नाहीतर भावकीत कुणाशी पाळी बदलून घ्या. पंपाला ऑटो बसवता आला तर तेवढी धावपळ कमी. घरच्यांना सांगा की हे औषधपाणीच आहे, आळस नव्हे. आणि मेडिकलमध्ये प्लास्टिकचं युरिन पॉट मिळतं, ते खाटेखाली ठेवा. लाजू नका. झोपेत जिन्यावरून पाय घसरला तर काय घ्याल?

रात्री फारच जीव घाबरला तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो.

धुळेकर

माझी बायपोलरची गोळी वेगळी, लॅमोट्रिजिन. रात्री घेतली की मी टक्क जागा. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली आणि फरक पडला. म्हणजे एकाची वेळ दुसऱ्याला लागू नाही, हे लक्षात असू द्या.

निवृत्त फार्मासिस्ट, भुसावळ

ताईंनी बरोबर सांगितलं. झोपेची गोळी स्वतःहून नको. तहान-लघवी तशीच राहणार, वर गुंगीत जिना उतरणार.

दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही. मळ्यात काम करून अंग दुखलं की आपल्याकडे सर्रास डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतात. त्यांनी लिथियम वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढतं. त्यामुळे दुकानात गेलात की आधी "मी लिथियमवर आहे" हे सांगायचं.

रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड, कॅल्शियम तपासून घ्या. साखरही बघा, मधुमेहातही हीच लक्षणं असतात. लिथियमची पातळी बहुतेकांची ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा. तसं काही नसेल तर मेहुण्याचं ऐकून गोळी सोडू नका.

केळीवाला, रावेर तालुका

ताई, काका, मनापासून आभार. आईला तुमचं वाचून दाखवलं, आता तीच तांब्या भरून ठेवते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी रक्त द्या, मग वेळ बदलायचं बघू. रात्रीच्या लाईटचं सालदाराशी बोललोय, तो तयार आहे. एक विचारायचं राहिलं: रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जायचं का?

निवृत्त फार्मासिस्ट, भुसावळ

नाही, रक्त देऊन झाल्यावर घ्या. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं. रात्री ९ ला घेतली तर सकाळी ९ ला लॅबमध्ये. पाणी प्यायला हरकत नाही, रावेरहून निघताना बाटली भरून घ्या.