चावी मारली की एकच ‘टक’, सेल्फ फिरतच नाही

प्रश्न (जळगाव)
पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, 2016 ची. चावी मारली की बोनेटखाली एकच ‘टक’ होतं, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरत नाही. तीन-चार वेळा मारल्यावर कधी लागते, कधी नाही. बॅटरी 35 एएच (अँपिअर-अवर), जेमतेम आठ महिन्यांची. लाइट, हॉर्न जोरात. ऑटो इलेक्ट्रिशियन न तपासताच सेल्फ बदला म्हणतोय. आधी घरी काय बघता येईल? मल्टीमीटर आहे.

उत्तर (धुळे)
भाऊ, सेल्फ आत्ताच उतरवू नका. आधी आवाज ओळखा. ‘कट-कट-कट’ भराभर वाजलं तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज चढलं की परत ओढला जातो. तोच तो आवाज. काहीच वाजलं नाही तर रिले, फ्यूज, इग्निशन स्विच किंवा क्लचचा स्विच. तुमच्यासारखा एकच दणकट ‘टक’ म्हणजे सोलेनॉइडने काम केलं, पण मोटरला पुरेसा करंट पोचला नाही, नाहीतर मोटरच अडलीय.

आता मोजा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावीवर दुसरा माणूस, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. पण नुसत्या उभ्या आकड्यावर विसंबू नका, खरा आकडा चावी मारतानाचा. तेव्हा 9.6 च्या खाली गेला तर संशय बॅटरीवर. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्पच्या मधल्या पांढऱ्या थरातच कित्येकदा दोष असतो, आणि क्लॅम्पवर मोजलं की तो दिसत नाही.

मग दोन मापं, दोन्ही चावी मारत असताना. निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉकचा उघडा धातू: 0.3 च्या वर गेलं तर अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फवरचा जाड नट: 0.5 च्या वर गेलं तर ती केबल किंवा तिची टोकं खराब. दर वेळी दोन-तीन सेकंदच चावी मारा. अडलेली मोटर लगेच तापते.

उत्तर (रावेर)
बॅटरी आठ महिन्यांची म्हणून तिला सोडून देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, बोनेटखाली त्याहून जास्त. झाकणाची बॅटरी असेल तर पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. सहाही खाने बघा. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, आरओचं किंवा विहिरीचं नाही. गाडी लागली की चालू इंजिनवर खुंट्यांवर मोजा: 13.8 ते 14.5 हवं. कमी आलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) बॅटरी भरत नाहीये.

उत्तर (चाळीसगाव)
दोन्ही केबल ठीक निघाल्या तरच सेल्फकडे वळा. एक माणूस चावी मारत असताना सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकं ठोका. फिरला तर बहुतेक कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत, आणि ते वेगळे बदलता येत असतील तर अख्खा सेल्फ घ्यायची गरज नाही. हातोडा मात्र मारू नका. बऱ्याच सेल्फमध्ये आत चुंबकं चिकटवलेली असतात, ती तडकतात. ठोकूनही फिरला नाही तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेत का बघायला सांगा.

प्रश्नकर्ता (जळगाव)
सकाळी मोजलं. उभी गाडी 12.6. चावी मारताना 11.4. पॉझिटिव्ह बाजू 0.2. निगेटिव्ह ते ब्लॉक 6.8!

उत्तर (धुळे)
सापडलं. 11.4 मधले 6.8 अर्थिंगमध्येच खर्च होतात, मोटरला उरतात साडेचारच्या आत. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही तूर्त निर्दोष धरा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याची अर्थिंगची वायर वेगळी. लाइट-हॉर्न बॉडीच्या अर्थिंगवर चालतात, म्हणून ते जोरात.

खात्री करायला जंपरची काळी केबल निगेटिव्ह खुंटीपासून थेट इंजिन उचलायच्या हुकाला लावा आणि चावी मारा. सेल्फ झटक्यात फिरेल.

मग दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा. काळी वायर धरून खाली जा, ती बहुतेक गिअरबॉक्सच्या बोल्टला असते. शेतातल्या रस्त्यांवरची काळी माती तिथे चिकटून ओल धरते, आणि लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज चढतो. बोल्ट काढून लगचं तोंड आणि बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. आवरणाखाली तांबं हिरवं पडलं असेल किंवा वायर कडक झाली असेल तर नवीनच टाका: तांब्याची, निदान 16 चौरस मिलिमीटरची, लग दाबून बसवलेले. बॅटरीकडच्या टोकाला पांढरा थर असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, खान्यात थेंब जाऊ देऊ नका.

जोडल्यावर तेच माप पुन्हा घ्या, 0.2 च्या आत यायला हवं. तोवर सारखी चावी मारू नका. अर्थिंग तुटकी असली की करंट क्लचच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो. चावी मारताना ती केबल गरम लागली तर लगेच थांबा, तिचं आवरण वितळतं.