मदत हवी आहे : ओके कोरल, डिलिंजर आणि जेसी जेम्सवरचे जुने अमेरिकन माहितीपट

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या गाजलेल्या गुन्ह्यांचे आणि चकमकींचे प्रसंग नट घेऊन पुन्हा उभे करणारे जुने टीव्ही माहितीपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांची मदत हवी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिकडे राहिलेली मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून आशेने विचारतो आहे.

माझे मामा शिकागोजवळ राहायचे. त्यांच्या संग्रहातली एक व्हीएचएस कॅसेट मामेभावाने पाठवली. मामांनी पुनःप्रक्षेपणं लागायची तेव्हा टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. वर नुसतं 'गनफाइट्स' लिहिलं आहे. कॅसेट एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची, त्यात फितीला बुरशी, त्यामुळे ती पुण्यात एका माहीतगाराकडून साफ करून संगणकावर उतरवून घेतली. तीन तुकडे निघाले. एकाचंही नाव धड दिसत नाही आणि तिन्ही अपुरे आहेत.

पहिला कृष्णधवल. मिसूरीतलं सेंट जोसेफ, १८८२, जेसी जेम्स या कुप्रसिद्ध दरोडेखोराचं घर. आजच्या काळातला बातमीदार त्या काळच्या माणसांना प्रश्न विचारतो आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघून उत्तरं देतात. सूत्रसंचालक वॉल्टर क्रॉन्काइट, म्हणजे हा 'यू आर देअर' या जुन्या टीव्ही मालिकेचा भाग असणार. गोळी सुटायच्या आधीच तुकडा संपतो. जेसीला मारणाऱ्या बॉब फोर्डचं काम करणारा पोरगा जेम्स डीन आहे का, कुणी सांगेल का?

दुसरा बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरचा, १९३४ सालचा शिकागो. चित्र दाणेदार, जरा हलणारं, जुनी न्यूजरील (चित्रपटगृहात दाखवायचे ती बातम्यांची फिल्म) पाहतोय असं वाटावं इतकं. निवेदन बहुतेक रॉड सर्लिंगचं.

तिसरा अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावचा, म्हणजे ओके कोरल या घोड्यांच्या आवाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चकमकीचा. निवेदकाचा आवाज भारदस्त, लॉर्न ग्रीनसारखा. इथेही चित्र मुद्दाम जुनं केलेलं.

माझी खरी अडचण या दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यांची आहे. आमच्या वाचन मंडळात कॉलेजची मुलं येतात. त्यांना तिसरा तुकडा दाखवला, तर एका मुलीने अगदी मनापासून विचारलं, "ही फिल्म इतकी वर्षं टिकली कशी?" चकमक झाली २६ ऑक्टोबर १८८१ ला. तेव्हा जगात चलच्चित्राचा कॅमेरा वापरात नव्हता. म्हणजे त्यातलं एकूण एक दृश्य नंतर उभं केलेलं. मुलगी हुशार आहे, तरी तिला तसं वाटलं, कारण ते तसं वाटावं म्हणूनच केलं होतं. ते बनवणाऱ्यांच्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण यात जे खटकतं ते सांगायलाच हवं.

त्या चकमकीबद्दल जी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते, ती अशी की कॅमेरा तिथे खरोखरच होता. चकमक ओके कोरलमध्ये झालीच नाही. ती झाली फ्रीमॉंट स्ट्रीटवर, सी. एस. फ्लाय या छायाचित्रकाराच्या घराशेजारच्या बोळासारख्या मोकळ्या जागेत. जागेची रुंदी जेमतेम १५ ते २० फूट. त्यात एका बाजूला कायद्याच्या बाजूचे व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन हे अर्प बंधू आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे, दुसऱ्या बाजूला क्लॅंटन आणि मॅक्लॉरी ही गुराखी मंडळी. सुमारे ३० सेकंद, सुमारे ३० गोळ्या. बिली क्लॅंटन, टॉम मॅक्लॉरी आणि फ्रॅंक मॅक्लॉरी ठार. आणि छायाचित्रकार फ्लाय? तो घरातून बाहेर आला तो रायफल घेऊन. मरणाच्या दारात पडलेला बिली आणखी काडतुसं मागत होता, त्याच्या हातातलं पिस्तूल फ्लायने काढून घेतलं. चकमकीचं छायाचित्र एकही नाही. तिघांचे शवपेटीतले देह मात्र छायाचित्रात आहेत आणि ते छायाचित्र फ्लायचंच मानलं जातं.

मग त्या ३० सेकंदांबद्दल आपल्याकडे आहे काय? फक्त साक्षी, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर नोव्हेंबर १८८१ मध्ये अर्प बंधू आणि हॉलिडेवरच्या खुनाच्या आरोपाची जवळपास महिनाभर सुनावणी चालली. शेरीफ जॉनी बेहान म्हणाला, बिली क्लॅंटन 'मला लढायचं नाही' असं सांगत होता आणि टॉमने कोट उघडून आपल्याजवळ काही नाही हे दाखवलं. वायट अर्पने लिहून आणलेलं निवेदन वाचून दाखवलं. त्यात त्याने सांगितलं की बिली आणि फ्रॅंकने पिस्तुलाला हात घातला, आणि पहिल्या दोन गोळ्या बिलीच्या आणि आपल्या, जवळजवळ एकदमच सुटल्या. टॉमकडे पिस्तूल होतं की नव्हतं यावर आजही एकमत नाही. स्पायसरनी आरोपींना सोडलं. पण टाउन मार्शल व्हर्जिलने अशा कामाला वायट आणि हॉलिडेला बरोबर घेतलं हे अविचाराचं होतं, असंही निकालात म्हटलं.

लेखकाला 'एक साक्षीदार असं म्हणतो, दुसरा तसं' असं लिहिता येतं. कॅमेऱ्यासमोर टॉमच्या हातात पिस्तूल द्यावं लागतं किंवा नाही द्यावं लागत. पहिली गोळी कुणाची तरी दाखवावीच लागते. माझ्या कॅसेटवर नेमक्या त्याच जागी बुरशीने चित्र खाल्लं आहे. म्हणून विचारतो : हा माहितीपट पूर्ण पाहिलेलं कुणी आहे का? त्यात कुणाची साक्ष धरली होती? मतभेद आहेत हे निवेदनात सांगितलं होतं का? आणि डिलिंजरच्या तुकड्यात खरी न्यूजरील किती आणि नंतरचं चित्रण किती, हे कसं ओळखायचं?

मंडळात २६ ऑक्टोबरच्या आसपास कार्यक्रम ठेवायचा विचार आहे. मराठी उपशीर्षकं मी स्वतः करतो आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

पहिल्या तुकड्याबद्दल : हो, तो जेम्स डीनच. भागाचं नाव 'द कॅप्चर ऑफ जेसी जेम्स', १९५३, दिग्दर्शक सिडनी लुमेट. जेसीचं काम जॉन केरने केलं आहे. सुरुवातीचे भाग न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून जी नक्कल काढत, त्यावर ते टिकले. तुमच्या तुकड्यात कडा वाकलेल्या आणि उजळ भाग पांढरेफटक दिसत असतील तर तो कॅसेटचा दोष नाही, मूळ नक्कलच तशी असते. उगाच दुरुस्त करत बसू नका.

ही मालिका लिहिली कुणी हेही मुलांना जरूर सांगा. अब्राहम पोलोन्स्की, वॉल्टर बर्नस्टीन आणि अर्नोल्ड मॅनॉफ हे तिघे तेव्हा काळ्या यादीत होते. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांना उघडपणे कुणी काम देत नव्हतं, म्हणून ते दुसऱ्यांच्या नावाने लिहायचे. मालिकेत सॉक्रेटिस, गॅलिलिओ, सेलमचे चेटकिणींचे खटले असे विषय वारंवार येतात ते काही योगायोगाने नाही. कोपऱ्यात सापडलेल्या माणसाला प्रश्न विचारणारा बातमीदार त्या लेखकांना अगदी जवळचा असणार.

याच मालिकेने १९५५ मध्ये ओके कोरलही केलं होतं. त्यात बिलीचा भाऊ आइक क्लॅंटन झाला होता डिफॉरेस्ट केली, पुढे 'स्टार ट्रेक'मध्ये डॉक्टर झालेला. तो भाग मिळाला तर तिसऱ्या तुकड्याशेजारी ठेवून दाखवा. एकाच चकमकीचे दोन अवतार मुलांना एकदम दिसतील.

प्रतिसाद २

दुसरा आणि तिसरा तुकडा निर्माता डेव्हिड वोल्परच्या 'अपॉइंटमेंट विथ डेस्टिनी' मालिकेतले. सीबीएस वाहिनीवर १९७१ ते ७३ च्या दरम्यान लागायची. डिलिंजरचा 'द लास्ट डेज ऑफ जॉन डिलिंजर', निवेदन सर्लिंगचंच. दुसरा 'शोडाउन अॅट ओ.के. कोरल', १९७२, लॉर्न ग्रीन. तुमचा कान बरोबर आहे. कॅमेरा त्या वेळी तिथे हजर होता अशा थाटात प्रसंग चित्रित करायचे, ही त्या मालिकेची कल्पनाच होती.

डिलिंजरचं खरं-खोटं वेगळं करायला एक सोपा नियम सांगतो. २२ जुलै १९३४ च्या रात्री बायोग्राफ थिएटरबाहेर तो मारला गेला, त्या क्षणी तिथे कुणाचाही कॅमेरा चालू नव्हता. त्यामुळे अॅना सेज आणि पॉली हॅमिल्टन या दोघींबरोबर तो बाहेर येतो, सरकारी तपास अधिकारी मेल्विन पर्विस सिगार पेटवून खूण करतो, डिलिंजर गल्लीच्या दिशेने धावतो आणि पडतो, हे सगळं उभं केलेलं. नंतर जमलेली गर्दी आणि शवागाराबाहेरची रांग यांचं खरं चित्रण झालेलं आहे. गर्दीची दृश्यं एकेक थांबवून बघा. खऱ्यात माणसं कॅमेऱ्याकडे टक लावून बघतात, हसतात, एकमेकांना ढकलतात. नटांना तसं करायची मुभा नसते.

आणखी एक अस्सल दृश्य शोधा : जानेवारी १९३४, क्राउन पॉइंटचा तुरुंग. डिलिंजर सरकारी वकील रॉबर्ट एस्टिल यांच्या खांद्यावर कोपर टेकवून मजेत उभा आहे. त्या एका छायाचित्राने एस्टिल यांची राजकीय कारकीर्द संपवली. ३ मार्चला डिलिंजर त्याच तुरुंगातून पळाला, लाकडी पिस्तूल दाखवून पळालो असं तो स्वतः सांगायचा. ते कोपर बघितल्यावर कळतं की खऱ्या क्षणाची सर अभिनयाला येत नाही.

प्रतिसाद ३

मी अॅरिझोनात राहतो, टूमस्टोनला जाऊन आलो आहे. चकमकीची जागा आता तिकीट काढून बघायच्या आवारात आहे. तिथे माणसाएवढे पुतळे उभे केले आहेत आणि फ्लायचा स्टुडिओ पुन्हा बांधला आहे. रोज नट मंडळी चकमक करून दाखवतात. शेजारी 'हिस्टोरामा' नावाचा जुना खेळ आहे, त्याला व्हिन्सेंट प्राइसचा आवाज. पुतळ्यांजवळ उभं राहिलं की पहिली जाणीव अंतराची होते. दोन्ही बाजूंची माणसं हात लांब केले तर एकमेकांना लागतील इतकी जवळ. पडद्यावर लांबून नेम धरणारी माणसं बघून ते कधीच कळत नाही.

कागदपत्रांबद्दल : मृत्यूच्या चौकशीची मूळ हस्तलिखित कागदपत्रं कित्येक वर्षं हरवलेली होती, ती २०१० मध्ये बिस्बी गावी काउंटीच्या जुन्या सामानात सापडली. म्हणजे सत्तरच्या दशकात माहितीपट करणाऱ्यांना मूळ कागद कदाचित बघायला मिळाले नसतील. त्यांचा न्याय करताना हे लक्षात घ्यायला हवं.

प्रतिसाद ४

विषय छान, पण मला एवढी काटेकोरपणाची गरज वाटत नाही. लहानपणी असेच कार्यक्रम बघून मला इतिहासाची गोडी लागली. आधी गोडी लागू दे, साक्षीपुरावे मग वाचतील. चालू फिल्मवर दर मिनिटाला 'हे खरं नाही' म्हणत बसलात तर मुलं उठून जातील.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या लवकर इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्रतिसाद ४ : गोडी लागते हे शंभर टक्के मान्य. मलाही कागदापर्यंत या फितीनेच नेलं, म्हणून मुलांना ती दाखवणारच आहे, मध्ये न थांबवता. पण टॉम मॅक्लॉरीच्या हातात पिस्तूल होतं की नाही, यावर तो चकमकीत मेला की त्याचा खून झाला हे ठरतं. एका माणसाच्या मरणाबद्दलचा एवढा मोठा प्रश्न निर्मात्याने आपल्या सोयीने मिटवावा आणि वर ते चित्र जुनं दिसेल असं करावं, हे मला मान्य होत नाही. 'यू आर देअर' मला जास्त प्रामाणिक वाटतं ते याचसाठी. १८८२ सालच्या घरात आजचा बातमीदार दिसला की हे नाटक आहे हे लहान मुलालाही कळतं, आणि तरी ते बघवतं.

प्रतिसाद ३ मधला अंतराचा मुद्दा फार कामाचा आहे. हॉलमध्ये जमिनीवर खडूने १५ फुटांची जागा आखून मुलांनाच उभं करणार आहे, प्रत्येकाच्या हातात एका साक्षीदाराची जबानी. आधी बेहानच्या साक्षीप्रमाणे उभं राहायचं, मग वायटच्या. त्यानंतर फिल्म. गर्दीतली माणसं कॅमेऱ्याकडे बघतात ही खूण डिलिंजरच्या तुकड्यावर काल रात्रीच लावून बघितली. दोन दृश्यं लगेच वेगळी काढता आली.

आता एवढंच राहिलं आहे : वोल्परच्या ओके कोरल भागाची पूर्ण प्रत, आणि 'यू आर देअर'चा १९५५ चा भाग. लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या कुणाला यूसीएलएच्या चित्रपट-टीव्ही संग्रहात चौकशी करणं शक्य आहे का? तिथे बसून बघायची परवानगी मिळाली तरी पुरे. पहिली गोळी कोण झाडतो आणि त्या वेळी टॉमचे हात कुठे आहेत, एवढं टिपून कळवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल. सुनावणीतल्या साक्षींचं मी केलेलं मराठी टिपण हवं असेल त्यांनीही व्यनि करा, पाठवतो.