नव्या प्रोसेसरवरचे ओरखडे

भावा, कॉम्प्युटरच्या नव्या प्रोसेसरच्या झाकणावर दोन बारीक ओरखडे दिसले म्हणून लगेच परत करायला निघालास? थांब जरा. ते झाकण म्हणजे निकेलचा मुलामा दिलेलं तांबं. त्याचं काम चिपची उष्णता कूलरपर्यंत, म्हणजे वर बसणाऱ्या थंड करणाऱ्या भागापर्यंत पोचवायचं. वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून कूलर बसला की कोण बघतंय?

राजारामपुरीतनं घेतलेल्या माझ्या प्रोसेसरच्या कडेला मात्र वाळलेली पांढरी पेस्ट होती, नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. म्हणजे कुणीतरी आधीच वापरलेला! दुकानदारानं आधी चहा पाजला, तासभर वाद घातला, मग बदलून दिला.

तू झाकणावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्याशी ताडून बघ. प्रोसेसर एएम४चा, म्हणजे एएमडीच्या खाली पिना असलेल्या प्रकारातला असेल तर उजेडात आडवा धर, १३३१ पिनांतली एखादी वाकलेली लगेच कळते. वाकली असली तर मात्र आजच दुकान गाठ.