मदत हवी आहे : मार्चिंग बँडचे पारंपरिक संगीत आजच्या श्रोत्यांना भावते का?
आमच्या हौशी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाची आखणी करताना, मिनिटाला सुमारे 120 पावलांच्या लयीतले जुने मार्च (संचलनाच्या तालावरच्या वाद्यरचना) ठेवावेत की लोकप्रिय गाण्यांवरच भर द्यावा, याबाबत आपले अनुभव हवे आहेत. व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीच्या अखेरीस 1848 सालच्या राडेट्झकी मार्चला श्रोते आजही टाळ्यांची साथ देतात. परंतु ही ओढ संगीताची आहे की केवळ परंपरेची, हे मला उमगत नाही. अनेक मार्चच्या मधल्या भागात ट्रम्पेट थांबतात, क्लॅरिनेट हळुवार सूर धरतात आणि पुढे त्यावर पिकोलोची, म्हणजे उंच स्वराच्या छोट्या बासरीची, नक्षी उमटते. तो भाग मला अतिशय प्रिय आहे. तरुण श्रोत्यांसमोर ज्यांनी अशा रचना वाजवल्या आहेत, त्यांनी त्या कितपत रंगल्या आणि श्रोते कोठे कंटाळले, हे कृपया सविस्तर कळवावे.