वडिलांच्या तिथीला बालगृहात जेवण द्यायचं आहे. आधी काय विचारावं?

कृष्णाकाठ: अण्णांना जाऊन वर्ष झालं. पितृपंधरवड्यात त्यांच्या तिथीला तालुक्याच्या बालगृहातल्या अनाथ मुलांना जेवण द्यावं असं आई म्हणते. खीर, वडे, पुरी असा बेत आहे. पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. नऊ वर्षांच्या लेकीलाही नेईन म्हणतो, तिच्या हातानं वाढू दे. फोटो काढू देतात का? कुणाला अनुभव?

टिपरे: संस्थेच्या खात्यावर पैसे टाका, करसवलतीची (८०जी) पावती घ्या. आणि फोटो काढाच, नाहीतर अन्न मुलांच्या पानात पडलं की नाही हे कळणार कसं?

पोळपाट: अकरा वर्षं एका बालगृहात काळजीवाहक होते, म्हणून लिहिते. लांबेल जरा.

आमचं गृह गावानंच उभं केलेलं. जागा एका शेतकऱ्याची, पत्रे वर्गणीतून. मंगळवारच्या बाजारात दिवेलागणीला भाजीवाल्या उरलेली मेथी-वांगी आमच्या पोत्यात टाकायच्या. अनुदान यायचं, पण कधी येईल त्याचा नेम नाही. तोवर किराणा उधारीवर. त्यामुळे दारात आलेल्याला नको म्हणायची आमची ताकद नव्हती, आणि देणाऱ्यांना ते ठाऊक असायचं.

पितृपंधरवड्यात आमच्याकडे जवळजवळ रोज खीर. पोरं शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात उभी: "मावशी, आज कुणाचे आजोबा?" आज भाजी कसली, असं विचारावं तितक्या सहज. एका सर्वपित्रीला तीन घरची खीर आली, त्यातली एक सकाळपासून उन्हात टेम्पोत होती. रात्री सहा पोरं ओकली. तेव्हापासून आम्ही बाहेरचं शिजवलेलं बंद केलं. शिधा आणा, आमच्या चुलीवर शिजवू. काहीजण रागावून गेले, जाऊ देत.

फोटोचं टिपरेभाऊंचं ऐकू नका. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघा. मुलाची ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून बाहेर द्यायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अन्न पानात पडतंय का हे बघायचं तर पंगतीत बसून जेवा.

आणि "अनाथ" हा शब्द गेटबाहेर ठेवून या. बालकल्याण समितीच्या आदेशानं आलेल्या आमच्या ४२ मुलांत दोन्ही पालक नसलेली सातच होती. कुणाची आई ऊसतोडीला, कुणाची मनोरुग्णालयात, कुणाचे वडील तुरुंगात. एक बाई "आईबापाविना लेकरं गं" म्हणत वाढत होत्या, तर एक दुसरीतला पोरगा पानातच बघत म्हणाला, "माझी आई आहे. फलटणला."

लेकीला जरूर आणा, पण वाढायला उभी करू नका. शेजारी बसवा.

कृष्णाकाठ: हे आईला वाचून दाखवलं, बराच वेळ काही बोलली नाही. मावशी, मग पंधरा हजारांत खरी नड कशाची?

पोळपाट: जूनमध्ये या हो! शाळा सुरू, पाऊस सुरू, आणि तेव्हा चिटपाखरू फिरकत नाही. चपला घ्या, पण मापानं. एका दात्यानं चाळीस जोड एकाच मापाचे आणले होते. तसंच भाऊबीजेनंतरचा आठवडा. नातलग असलेली मुलं परवानगीनं घरी जातात, आठ-नऊ उरतात, आणि फराळाचे डबे तर दिवाळीआधीच येऊन संपलेले असतात.

ट्रंक_क्र_१७: मी अशाच गृहात वाढलो. अठरा पूर्ण झाली आणि ट्रंक घेऊन बाहेर पडलो. अठरानंतर राहायला अनुरक्षणगृह असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. खोली बघायला गेलो तर मालकाचा पहिला प्रश्न, गाव कुठलं. अनाथ प्रमाणपत्रही फार उशिरा काढलं. राज्यात २०१८ला अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आलं, पण कागद नसेल तर त्याचा काय उपयोग? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर हेच वर्षानुवर्षं सांगतायत, अठरानंतर या मुलांनी जायचं कुठं? त्यांनी तर मुलांना स्वतःचं नाव दिलं. त्यांची दृष्टिहीन माला पापळकर २०२४ला एमपीएससी पास झाली. दादा, तुमच्या तालुक्यात यंदा अठराचं कोण होतंय ते अधीक्षकांना विचारा. त्याच्या खोलीचं डिपॉझिट भरलंत तर माझ्या मते ते जेवणापेक्षा मोठं.

कृष्णाकाठ: अधीक्षकांशी बोललो. दोघंजण आहेत, मार्चमध्ये बाहेर पडणार. दहा हजार त्यांच्यासाठी बाजूला काढले. उरलेल्यात एक जेवण द्यावं असा आईचा हट्ट आहेच. तिथी सोडून, घटस्थापनेच्या आधी तरी.

पोळपाट: द्या की. फक्त खीर नको. पोरांना कांदाभजी विचारा, उड्या मारतील. तांदूळ जुना आणा, नव्याचा आमच्या मोठ्या पातेल्यात गिच्च गोळा होतो.

कृष्णाकाठ: आई म्हणते पंधरवड्यात कांदा नाही म्हणजे नाही. दसरा झाल्यावरचा रविवार ठरवलाय.